तळं आटलं की पावती पावसाच्या नावाने

गणपतीच्या जेवणाला आमच्याकडे पंचवीसेक माणसं होती, मोदक संपलेले, पोरं बेसमेंटमध्ये, आणि वर सोफ्यावरची मंडळी बोलता बोलता तळ्यावर घसरली. तळं म्हणजे अमेरिकेतल्या यूटा राज्यातलं ग्रेट सॉल्ट लेक, ज्याच्या नावावर आमचं सॉल्ट लेक सिटी हे शहर आहे आणि ज्याच्याकडे इथे दहा-दहा वर्षं राहिलेली माणसंसुद्धा फिरकत नाहीत, कारण वास येतो. एक गृहस्थ म्हणाले, अहो पाऊसच संपलाय, क्लायमेट चेंज, आता तळं जाणार, घरं विकायची तर आत्ताच विका. दुसरे म्हणाले छे हो, नॅचरल सायकल आहे, ८३ साली इथे डाउनटाउनच्या रस्त्यातून नदी वाहत होती, परत भरेल. मग अर्धा तास नुसती हमरीतुमरी, मोबाईल काढून ग्राफ दाखवणं, तुझा ग्राफ खोटा माझा खरा. मी ताटं उचलत होतो आणि मला वाटत होतं की हे दोघं भांडतायत कशावर, दोघांचं म्हणणं तर एकच आहे! तळ्याचं जे काय व्हायचं ते आभाळ ठरवणार, आपला संबंध नाही. एकाचं आभाळ कायमचं रुसलंय, दुसऱ्याचं तात्पुरतं, एवढाच फरक.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते ठरवता येईल. ज्या खोऱ्यातलं पाणी समुद्राला जातच नाही तिथलं तळं आटलं तर पाऊस किती घटला हा पहिला प्रश्न असूच नये. पडलेला पाऊस तळ्यापर्यंत पोचला का, आणि नसेल पोचला तर वाटेत कोणी उचलला, हे आधी विचारायचं. ग्रेट सॉल्ट लेकच्या खोऱ्यात दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा हिशोब मांडला तर पाऊस आणि बर्फ झोके खातात, भयंकर झोके खातात, पण एका दिशेने घसरत गेलेले दिसत नाहीत. तळं मात्र घसरत गेलंय. मग मधला फरक कुठे गेला?

बंद खोरं म्हणजे काय हे लोणार पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. विवराचा काठ चारी बाजूंनी, पाणी आत येतं ते पावसाने, धारेने, झऱ्यांनी, आणि बाहेर जायला एकच रस्ता, वर, वाफ होऊन. मीठ आणि खार मागे राहतात. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी उतरलं, खारटपणा वाढला आणि तळं गुलाबी झालं, तेव्हा किती थिअऱ्या फिरल्या होत्या आठवा, शेवटी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं की खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग आहे. आमच्याकडे १९५९ साली रेल्वेने तळ्याच्या मधून दगडांचा बांध घातला, त्यामुळे उत्तरेकडच्या भागाला नद्यांचं गोडं पाणी जवळजवळ मिळेनासं झालं आणि तो भाग तेव्हापासून असाच गुलाबी आहे. मी पहिल्यांदा विमानातून बघितला तेव्हा शेजारच्याला लोणारची गोष्ट सांगायला लागलो, त्याने हेडफोन घातले.

तर मुद्दा असा की अशा तळ्याचं गणित फार साधं असतं. येणारं पाणी आणि उडून जाणारं पाणी यांचा मेळ बसेपर्यंत तळं पसरतं किंवा आकसतं. जास्त पाणी आलं की पसरतं, पसरलं की जास्त वाफ होते, मग थांबतं. कमी आलं की आकसतं, वाफ कमी होते, पुन्हा थांबतं. आणि ही तळी परातीसारखी असतात, ग्रेट सॉल्ट लेकची सरासरी खोली पंधराएक फूट, त्यामुळे पातळी दोन फूट उतरली की किनारा कुठल्या कुठे जातो. १९८७ साली हे तळं जवळजवळ ८५०० चौरस किलोमीटर पसरलं होतं, २०२२ साली त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकंही राहिलं नव्हतं. हे आकडे बघून कुणालाही वाटणार की पाऊस तिसऱ्या हिश्शावर आला. तसं काही झालेलं नाही, परातीत पाणी असंच वागतं. येणाऱ्या पाण्यातला थोडासा बदल हे तळं मोठा करून दाखवतं, म्हणून पर्जन्यमापक म्हणून त्याच्याकडे बघणं ही पहिली चूक.

दुसरी चूक म्हणजे सुरुवातीचं वर्ष आपल्या सोयीने निवडणं, आणि माझ्या सोफ्यावर दोघं नेमकं तेच करत होते. या तळ्याची पातळी १८७३ च्या सुमारास खूप वर होती, १९६३ ला तळाला गेली, ८७ ला पुन्हा विक्रमी वर, समुद्रसपाटीपासून ४२११ फुटांच्याही थोडी पुढे, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये आजवरची सगळ्यात खाली, ४१८८ फुटांच्या आसपास. आता १९८७ पासून रेघ ओढली की सगळं जग आटत चाललंय असं दिसतं. १९६३ पासून ८७ पर्यंत ओढली असती तर नोहाची नाव बांधायला घ्यावी लागली असती. पावसाच्या आकड्यांचंही तसंच आहे. ऐंशीच्या दशकातली ती ओली वर्षं पहिल्या टोकाला ठेवलीत तर पाऊस घटलाय हे कुणीही सिद्ध करून देईल, माझी आठवीतली मुलगीसुद्धा एक्सेलमध्ये करून देईल. तळ्याला मिळणाऱ्या बेअर नदीच्या खोऱ्यातल्या जुन्या झाडांची वलयं मोजून बाराशे वर्षांचा अंदाज काढलाय, त्यात असं दिसतं की विसाव्या शतकाचा उत्तरार्ध हा त्या सगळ्या काळातल्या बऱ्यापैकी ओल्या तुकड्यांपैकी एक होता आणि आधी याहून लांब, याहून कोरडे दुष्काळ येऊन गेलेत. म्हणजे आपण ज्याला नॉर्मल धरतो तेच मुळात जरा लाडावलेलं माप आहे.

झोक्याला ट्रेंड समजण्याचा हा आजार नवा नाही आणि फक्त सोफ्यावरच्या लोकांना होतो असंही नाही. एकोणिसाव्या शतकात इथलं पाणी चढत होतं तेव्हा लोकांची ठाम समजूत झाली की आपण इथे आलो, जमीन नांगरली, झाडं लावली म्हणून पाऊस वाढला. 'नांगरामागे पाऊस येतो' हे तेव्हा अमेरिकेच्या पश्चिमेत जवळजवळ शास्त्र म्हणून विकलं जात होतं, जमिनीचे दलाल तर अर्थातच विकत होते, आणि त्यावर विसंबून प्रेअरीत, म्हणजे मधल्या गवताळ मैदानात, गेलेली कुटुंबं १८९० च्या दुष्काळात देशोधडीला लागली. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ १८७८ च्या सरकारी अहवालात या तळ्याच्या चढउतारावर अख्खं प्रकरण लिहून गेलाय, हवामानामुळे किती आणि माणसामुळे किती याची त्याने तेव्हा शांतपणे छाननी केली. आपण दीडशे वर्षांनी तेच भांडण मोदक खाऊन करतोय, त्याच्याएवढ्या शांतपणे नाही.

मग १९८० चं दशक. १९८२ पासून लागोपाठ ओली वर्षं, तळं पाच वर्षांत बाराएक फूट चढलं, रेल्वे, हायवे, तळ्याकाठी नुकतंच उभारलेलं सॉल्टएअर हे करमणुकीचं ठिकाण, सगळं पाण्यात. घाबरून राज्य सरकारने सुमारे ६ कोटी डॉलर खर्चून तळ्याचं पाणी पश्चिमेच्या वाळवंटात फेकायला अवाढव्य पंप बसवले. ते सुरू झाले एप्रिल १९८७ मध्ये. तोवर ओला झोका संपला होता. जून १९८९ ला पंप बंद झाले. आणि याची रशियन जुळी बहीण त्याच दशकातली: कॅस्पियन समुद्र १९२९ ते १९७७ मध्ये तीनेक मीटर उतरला, सोव्हिएत मंडळींनी ठरवलं की आता हा उतरतच जाणार, म्हणून १९८० साली कारा-बोगाझ-गोल नावाच्या आखाताचं तोंड बांधून टाकलं, का तर तिथे पाणी जाऊन नुसतं वाफ होतं. पण कॅस्पियन १९७८ पासूनच चढायला लागला होता! आखात तीन-चार वर्षांत ठणठणीत कोरडं पडलं, तिथून खार उडायला लागली, समुद्र मात्र चढतच राहिला, शेवटी १९९२ साली बांध फोडला. एकाने झोका वर असताना वरचा ट्रेंड समजला, दुसऱ्याने खाली असताना खालचा. दोघांकडे आकडे होते, इंजिनिअर होते, कॉम्प्युटर होते, कमतरता होती ती थांबून मागे बघायची.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते प्रामाणिकपणे मान्य करायला हवं, नाहीतर मीही त्यांच्यातलाच. कधी कधी दोष खरंच पावसाचा असतो. आफ्रिकेतलं चाड तळं बघा. साठच्या दशकात २५००० चौरस किलोमीटरच्या आसपास, ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंही उरलं नाही, आणि याचं मुख्य कारण सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात पाऊस खरोखर प्रचंड घटला हेच होतं. कालवे काढले होते, नाही असं नाही, पण कालव्यांनी एवढं केलं नसतं. ज्यांना सगळीकडे माणसाचाच हात दिसतो त्यांनी चाडसमोर गप्प बसावं. अर्थात त्या पावसाची गोष्टही वाटते तेवढी सरळ नाही, कारण महासागरांचं तापमान बदललं म्हणून तो पट्टा कोरडा झाला आणि त्यात युरोप-अमेरिकेच्या धुराड्यांतून निघालेल्या सल्फेटच्या कणांचाही वाटा होता असं आता बरेच शास्त्रज्ञ मानतात. आणि दुसरं, चाड 'अजून आटतच चाललंय' असे जे फोटो दर वर्षी फिरतात ते ऐंशीतल्या तळाचे असतात, नंतर पाऊस बऱ्यापैकी परतला आणि तळंही त्या तळापासून सावरलंय. म्हणजे जिथे खरंच पाऊस दोषी होता तिथे पाऊस आल्यावर पाणी आलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी कबुली जास्त महत्त्वाची. पाऊस तेवढाच पडून पाणी कमी होऊ शकतं. हवा तापली की माती आणि झाडं जास्त पितात, तळ्यावरून जास्त उडतं, बर्फाच्या जागी पाऊस पडतो, साठलेला बर्फ आधी वितळतो. आमच्याकडे तर सगळा खेळ बर्फाचा आहे, वासॅच आणि उइंटा डोंगरांत हिवाळाभर जो साठतो तीच आमची टाकी. त्यामुळे पर्जन्यमापकाचा आकडा दाखवून 'बघा काहीच बदललं नाही' म्हणणाराही अर्धवटच बोलतोय. तापमानवाढ खरी आहे, तिचा वाटा आहे, आणि तो वाढणार आहे. तिसरंही सांगतो, जुने पर्जन्यमापक बहुतेक गावांत होते, डोंगरावर नाही, आणि पाणी येतं डोंगरावरून, तेव्हा १८८० साली वर किती बर्फ होता हे छातीठोक कोण सांगणार?

एवढं सगळं मान्य. मग मी माझं मत का बदलत नाही?

कारण डोंगरावर पर्जन्यमापक नव्हता तरी नदी होती. नदीच्या उगमाकडच्या भागात, जिथे अजून एकही पाट फुटलेला नाही, तिथल्या प्रवाहाच्या नोंदी बघता येतात. ती नदी म्हणजे वरच्या सगळ्या पावसाची, बर्फाची, तापलेल्या मातीने प्यायलेल्या पाण्याची वजाबाकी होऊन उरलेली रक्कम. २०१७ साली संशोधकांच्या एका गटाने नेमकं हेच केलं आणि त्यांना १८४७ पासून, म्हणजे मॉर्मन पंथाचे लोक इथे वस्तीला आले तेव्हापासून, वरून येणाऱ्या पाण्यात कुठलाही मोठा दीर्घकालीन बदल दिसला नाही. आणि खालचं तळं? माणसांनी पाणी वळवलं नसतं तर ते ११ फूट वर असतं, असा त्यांचा हिशोब. पंधरा फूट खोलीच्या तळ्यात ११ फूट! नंतर २०२३ साली इथली दोन विद्यापीठं आणि राज्याची खाती यांच्या एकत्र गटाने २०२२ च्या त्या विक्रमी नीचांकाची वाटणी केली: माणसांचा वापर ६७ ते ७३ टक्के, नैसर्गिक चढउतार १५ ते २३, तापमानवाढ ८ ते ११. हे आंदोलनवाल्यांचे आकडे नाहीत, राज्याच्याच खात्यांना बरोबर घेऊन काढलेले आहेत. माझ्या सोफ्यावर अर्धा तास जी लढाई चालली ती शेवटच्या दोन आकड्यांमध्ये होती, पहिल्याचं नाव कोणी काढलं नाही.

आकड्यांवर विश्वास नसेल तर शेजारचं खोरं बघा. यूटामध्येच सेव्हियर नावाचं दुसरं बंद खोरं आहे, त्याच्या शेवटी सेव्हियर तळं. १८७२ साली मोजलं तेव्हा चांगलं मोठं होतं, १८८० पर्यंत जवळजवळ कोरडं. १८७० चं दशक म्हणजे ग्रेट सॉल्ट लेक चांगलं भरलेलं होतं तो काळ, डोंगर शेजारचे, ढग तेच. सेव्हियर नदीवर वरच्या गावांनी पाट काढले होते, बस. नंतर १९८० च्या दशकातल्या ओल्या वर्षांत ते तळं थोडे दिवस भरलं आणि परत गेलं. आणि कॅलिफोर्नियातलं ओवेन्स तळं तर पाठ्यपुस्तकात घालावं असं: १९१३ साली लॉस एंजेलिसचा कालवा सुरू झाला, १९२६ पर्यंत तळं संपलं. त्या तेरा वर्षांत सिएरा नेवाडावरचं बर्फ संपलं होतं का? पुढची कित्येक दशकं तिथून उडणारी धूळ बसवायला शहराला अब्जावधी डॉलर मोजावे लागतायत, कालव्याच्या खर्चापेक्षा किती पट ते तुम्हीच बघा. इराणच्या उर्मिया तळ्याचंही तेच, दुष्काळ तिथे आधीही येऊन गेले आणि तळं तग धरून होतं, मग वर धरणं झाली, विहिरी झाल्या, द्राक्षबागा काढून जास्त पाणी पिणारी सफरचंदं आणि साखरबीट आलं, आणि पुढचा दुष्काळ त्याला झेपला नाही.

आता 'सायकल'वाल्यांचा सगळ्यात चांगला प्रश्न: शेतकरी तर १८४७ पासून पाणी उचलतायत, मग १९८७ साली तळं विक्रमी कसं भरलं? मला हा प्रश्न आवडतो कारण उत्तर प्रत्येक नोकरदाराला माहितीय. पगारातून दर महिना ईएमआय कापला जातो. एखाद्या वर्षी दणदणीत बोनस आला की पासबुकात मोठा आकडा दिसतो, म्हणून ईएमआय कापला गेला नाही असं होतं का? ईएमआय नसता तर तो आकडा अजून केवढा मोठा असता. १९८७ ला तळं भरलं ते वापर असूनही भरलं, एवढा तो बोनस होता. आणि वाईट वर्षी बोनस नाही, पगार कापलेला, पण ईएमआय तोच. त्या महिन्यात चेक बाउन्स झाला तर दोष कंपनीचा म्हणायचं की कर्जाचा? २००० पासूनची बहुतेक वर्षं अशी कोरडी गेली, हे खरंच, पण १९३० च्या दशकातही कोरडी वर्षं होती आणि तळं एवढं खाली गेलं नव्हतं.

मुळात तळ्यात जाणारं पाणी 'वाया' जातं ही जी समजूत आहे ना, सगळ्या भानगडीचं मूळ तिथे आहे, आणि ती आपल्याला अगदी घरची वाटेल. कोकणात पडून समुद्राला जाणारं पाणी वाया जातं, हे वाक्य मी लहानपणापासून पुढाऱ्यांच्या भाषणात ऐकत आलोय, टाळ्या ठरलेल्या. मध्य आशियातल्या अरल समुद्राबद्दल सोव्हिएत इंजिनिअर हेच म्हणायचे, एवढं पाणी वाळवंटाच्या मध्ये जाऊन नुसतं वाफ होतंय, त्यापेक्षा कापूस पिकवू. पिकवला. १९६० साली ६८००० चौरस किलोमीटर असलेला समुद्र पन्नास वर्षांच्या आत दहाव्या हिश्शावर आला, मच्छीमारांच्या बोटी वाळूत, आणि तिथे कोणी पावसाचं नाव घेतलं नाही कारण तिथे घ्यायची सोय नव्हती, अमू आणि सीर या दोन्ही नद्या कुठे वळल्या हे नकाशावर दिसत होतं. ग्रेट सॉल्ट लेकमध्ये 'वाया' जाणाऱ्या पाण्यावर लाखो पक्षी थांबतात, त्यातल्या कोळंबीची अंडी जगभरच्या कोळंबीपालनाला जातात, आणि ते पाणी तळावर झाकण ठेवून बसलंय, ज्या तळात आर्सेनिक आहे. झाकण निघालं की वारा सुटतो तेव्हा ते आमच्या नाकात.

२०२२ साली आमचे बाबा सहा महिने इथे होते. मंगळवेढ्याकडचे, उजनीच्या पट्ट्यात हयात गेलेले, पाण्याच्या बाबतीत कोणावर विश्वास न ठेवणारे. त्यांना आधी तळं दाखवायला नेलं. जेटी चिखलात पडलेली, बोटी केव्हाच क्रेनने उचलून नेलेल्या, पायाखाली मिठाचा पापुद्रा पापडासारखा मोडत होता आणि खाली काळा गाळ, सडक्या अंड्यांचा वास. बाबा म्हणाले, "पाऊस पडंना झालाय व्हय रे इकडं?" मी म्हटलं तसंच म्हणतात सगळे. नंतर ऑगस्टमध्ये लोगनकडे चाललो होतो, भर दुपारी एक वाजता, पस्तीस डिग्री, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल हिरवंगार, चाकांवरचे स्प्रिंकलर हवेत पाणी उडवतायत, अर्धं तर जमिनीवर पडायच्या आधीच उडून जात असेल. बाबांनी काच खाली केली. "लसूणघास न्हवं ह्यो?" होय, लसूणघास, इथलं अल्फाल्फा, हंगामात तीन-चार कापण्या, जनावरांच्या वैरणीला. पुढे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्याकडं ऊस, हितं गवत. म्हंजे लोणीच्या गोळ्याला इथं बी मांजर हाय." या खोऱ्यातल्या मानवी वापराचा जवळजवळ दोन तृतीयांश वाटा शेतीचा आहे आणि त्यात मोठा हिस्सा वैरणीचा. महाराष्ट्रात ऊस चार टक्क्यांच्या आसपास जमिनीवर आणि सिंचनाच्या पाण्यात त्याचा वाटा सत्तर टक्क्यांच्या घरात, असं कृषी मूल्य आयोगाच्या नावाने सांगतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं तेव्हाही आपण आधी आभाळाकडेच बोट दाखवलं होतं की.

याचा अर्थ शेतकरी व्हिलन असा नाही, आणि तसं बोलणाऱ्या शहरी लोकांचा मला रागच येतो, स्वतःचं लॉन हिरवं ठेवून दुसऱ्याच्या शेताला नावं ठेवायची. इथला पाण्याचा कायदाच असा आहे की जो आधी आला त्याचा हक्क आधी, आणि हक्काचं पाणी वापरलं नाही तर हक्क जाऊ शकतो. मग कोणता शहाणा माणूस पाणी खाली सोडेल? पणजोबांनी १८७० ला मिळवलेला हक्क नातवाने तळ्यावर उदार होऊन घालवायचा का? या रांगेत तळं कुठे उभं होतं विचाराल तर रांगेतच नव्हतं, त्याच्या नावावर काही हक्कच नव्हता. २०२२ साली राज्याने कायदा बदलून शेतकऱ्याला आपलं पाणी तळ्यासाठी भाड्याने देता येईल अशी सोय केली आणि ४ कोटी डॉलरचा निधी ठेवला. उशीर झाला, पण दिशा बरोबर, आणि ही दिशा पावसाचा ग्राफ बघून सुचत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, जून २०२१ मध्ये, राज्याचे गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स यांनी लोकांना पावसासाठी वीकेंडला प्रार्थना करायला सांगितलं होतं. त्यांच्या कुटुंबाची शेती आहे, आणि ती अल्फाल्फाची, यावरून तेव्हा बरेच टोमणे बसले. मी हसलो नाही, धोंडी धोंडी पाणी दे म्हणत डोक्यावर लिंबाचा पाला घेऊन गावभर फिरलेला माणूस आहे मी. प्रार्थना करावी. पण ज्या दुष्काळात वापर सत्तर टक्के जबाबदार आहे तिथे वरच्याला उरलेल्या तीस टक्क्यांपुरतंच साकडं घालता येतं.

आणि ही नुसती वादातली जिंकाजिंकी नाही, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पाऊस कायमचा गेला म्हणणारा हात टेकतो, सायकल आहे म्हणणारा वाट बघत बसतो, दोघांच्याही हिशोबाने आज कोणी काही करायची गरज नाही, आणि नेमकं म्हणूनच ही दोन्ही मतं सगळ्यांना इतकी सोयीची वाटतात. २०२३ च्या हिवाळ्यात इथे विक्रमी बर्फ पडला, तळं पाच-साडेपाच फूट चढलं, आणि सायकलवाले गृहस्थ मला भेटतील तिथे 'बघा, सांगितलं होतं ना' म्हणायला लागले. पुढचं वर्षही बरं गेलं. पण त्या विक्रमी बर्फानेसुद्धा तळं ४१९८ फुटांवर, म्हणजे जिथे ते किमान ठीकठाक म्हणता येईल तिथवर पोचलं नाही, आणि लगेच परत उतरणीला लागलं. चाडला पाऊस परतला तेव्हा पाणी परतलं होतं, आठवतं? इथे विक्रमी वर्ष येऊनही खातं भरेना, तर मग गळती कुठे असेल?

जाताना दारात चपला घालता घालता सायकलवाल्यांनी मला परत डोंगरावरच्या बर्फाचा ग्राफ दाखवला, सरासरीच्या शंभर टक्के, हिरवा. म्हटलं छान आहे, आता एक काम करा. बेअर नदी इथून जवळच उइंटात उगवते, वायोमिंग आणि आयडाहोला वळसा घालून सातआठशे किलोमीटर फिरून परत यूटात येते आणि तळ्याला मिळते. उगमाजवळच्या आणि वाटेत मिळणाऱ्या उपनद्यांच्या मापकांवर मिळून या वर्षी किती पाणी गेलं आणि कोरिनच्या पुलाजवळ, तळ्याच्या अगदी आधी, त्याच वर्षी किती पोचलं, हे दोन आकडे मला पाठवा, फुकट आहेत, रोज अपडेट होतात. ते हो म्हणाले. आता दिवाळी झाली, अजून आलेले नाहीत, बर्फाचे ग्राफ मात्र रोज येतात.